सीटवरची फुली

मित्रांनो, जिच्या सीटवर काही काळ खडूची फुली होती आणि तरीही जी आज तुमच्याशी बोलत आहे, ती जुनी डोंगरी सायकल मी. माझी कथा शौर्याची नाही. मी आयुष्याचा मोठा भाग चालण्यात आणि उरलेला घाबरण्यात घालविला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या शेकडो बहिणी एकाच रांगेतून बाहेर पडल्या. आम्हांला जाड पोलादी नळ्यांचा सांगाडा, खाचांचे टायर आणि हँडलच्या दोन्ही टोकांना पुढे वळलेल्या दोन मुठी लाभल्या. गिअर अठरा होते. त्यांपैकी अकरा कधी धड पडले नाहीत, परंतु जाहिरातीत अठराच होते. खोक्यावर आम्ही हिमशिखरावरून उतरत आहोत असे चित्र छापलेले होते. वस्तुतः आमच्यापैकी फार थोड्या जणींनी डोंगर पाहिला. बाकीच्या शाळा, कारखाने व दवाखाने यांच्या फेऱ्यांत झिजल्या.

चढावरच्या वस्तीत घरोघर जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलणाऱ्या एका नर्सबाईंनी मला विकत घेतले. पहिल्याच दिवशी मला जिन्याच्या दोन पायऱ्या चढविताना त्या धापा टाकीत म्हणाल्या, "अगं बाई, ही सायकल आहे की म्हैस?" शिंगे तर होतीच. तेव्हापासून माझे नाव म्हैस पडले.

अठरा वर्षे आम्ही तो चढ चढलो. खिडकीतून रुग्ण सांगत, "म्हैस आली, पाणी गरम करा." याहून मोठी स्तुती मला कधी मिळाली नाही, आणि मला ती पुरली. माझी मूठ फाटली तेव्हा बाईंनी जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळली. सीट फाटली तेव्हा त्यांनी तिला माणसाच्या कातडीला घालतात तसे सात टाके घातले. प्रत्येकाची गाठ वेगळी आणि साऱ्या गाठी एकाच बाजूला. "हलू नकोस," त्या मला म्हणाल्या होत्या. मी हलले नाही.

पुढे माझे ब्रेक सैल झाले. बाईंनी मला दुरुस्तीच्या दुकानात सोडले आणि म्हणाल्या, "शनिवारी येते." तो शनिवार गेला. त्यानंतरचेही गेले. बाई आल्या नाहीत, आणि भीती आली.

त्या दुकानाच्या मालकांना सारे उस्ताद म्हणत. माणूस वाईट नव्हता, परंतु जागा अपुरी होती. सबब त्यांनी एक नियम केला होता. वर्षभर जिला कोणी न्यायला येत नाही, तिच्या सीटवर खडूने फुली मारायची. सीटवरच का, तर आम्ही इतक्या दाटीने उभ्या असू की सीट तेवढी वर दिसे. दर बुधवारी उस्तादांचा मेहुणा कापायचे यंत्र घेऊन येई. तो लोखंडी फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवीत असे. त्यासाठी त्याला आमच्या नळ्या लागत.

सुरुवातीला तो प्रत्येक सायकलीपाशी थांबून विचारी. एकदा उस्ताद वैतागले.

"दरवेळी काय विचारतोस रे? फुली दिसली की काप. डोकं घरी ठेवून येत जा."

"बरं, भावोजी," मेहुणा म्हणाला. "ताईकडे देऊन येतो. तुमचंही तिच्याकडेच असतं ना?"

सारे हसले. मी हसू शकले नाही. त्या दिवसापासून त्याने विचारणे सोडले.

मित्रांनो, ते यंत्र सुरू झाले की आधी किंचाळी येते, मग ठिणग्या, मग जळक्या रंगाचा वास. माझ्या शेजारच्या लाल सायकलीला कापताना तिची घंटी एकदा आपोआप वाजली. मेहुण्यानेही दचकून मागे पाहिले. दर बुधवारी भिंतीजवळची रांग आखूड होत गेली. मला मरणाचे भय होतेच, परंतु फाटक होण्याचे त्याहून अधिक होते. जन्मभर उघडायचे आणि मिटायचे, आणि कोठेही जायचे नाही!

अखेर एका सोमवारी उस्ताद माझ्यापुढे उभे राहिले. त्यांनी भिंतीवरची तारीख पाहिली, डोके खाजविले आणि माझ्या टाक्यांवरून फुली ओढली.

त्याच सुमारास दुकानात एक फार जुनी सायकल आली होती. ती एका वकीलसाहेबांच्या संग्रहातली. तिच्या घडणीच्या जगात मोजक्याच उरल्या आहेत, असे ते सांगत. चाळीस वर्षांत तिच्यावर कोणी बसले नव्हते. तिचा रंग उडालेला, अंगभर गंज. वकीलसाहेब बजावीत, "उस्ताद, गंजाला हात लावायचा नाही हं. मूळचा गंज आहे तो!" माझ्या गंजाकडे पाहून मात्र ते म्हणाले होते, "ही सडली." गंज तोच होता, मित्रांनो, मान वेगळा होता.

बुधवार उजाडला. त्या मानाच्या सायकलीची कातडी सीट दांड्यासकट चांभाराकडे गेली होती. चेन बसविण्यासाठी तिला टांगणे भाग होते, आणि सांगाड्याला पकड लावली असती तर मूळचा गंज खरवडला असता. म्हणून उस्तादांनी माझी सीट दांड्यासकट उपसली, तिच्यात खोचली आणि त्या दांड्याला पकड लावून तिला टांगले. काम झाल्यावर त्यांनी तिला खाली उतरवून माझ्याशेजारी टेकविले. इतक्यात वकीलसाहेबांनी जुनी चित्रे दाखविण्यासाठी त्यांना पुढच्या खोलीत बोलाविले. माझी सीट तिच्यावरच राहिली. फुलीही.

मेहुणा आला. त्याने रांगेवरून नजर फिरविली. मी सीटवाचून उभी होते. माझ्यावर खूण नव्हती. शेजारी एक गंजकी, रंग उडालेली सायकल होती आणि तिच्यावर ठळक फुली होती. त्याने तिला उचलून शिकंज्यात आवळले.

येथे मी खोटे सांगणार नाही. मला आनंद झाला. मग मला शिकंज्यावर माझे सात टाके दिसले आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. मला वाचा असती, तरी मी ओरडले असते काय? ठाऊक नाही. यंत्र किंचाळू लागले.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज झाला. नर्सबाई! केस पांढरे झालेले, एक पाय जपून टाकीत असलेल्या. त्यांची दृष्टी थेट सीटवर गेली.

"अरे थांब! माझे टाके आहेत ते!"

यंत्राच्या आवाजात मेहुण्याला काय ऐकू येणार? बाईंनी सरळ काठीच्या टोकाने भिंतीवरचे बटण बंद केले. एकदम शांतता पसरली.

"सीट माझी आहे," बाई म्हणाल्या, "पण ही माझी म्हैस नाही. म्हैस कुठंय?"

"म्हैस?" मेहुणा गोंधळला. "बाई, हे सायकलचं दुकान आहे."

बाईंचा आवाज ऐकून उस्ताद व वकीलसाहेब धावत आले. मानाच्या सायकलीच्या नळीवर नखाएवढी चीर पडली होती. वकीलसाहेब पालथ्या डब्यावर मटकन बसले.

"फुली होती, भावोजी," मेहुणा पुटपुटला. उस्तादांनी फुलीकडे पाहिले. नियम त्यांचाच होता.

तोवर बाईंना मी दिसले होते. माझ्या शिंगांवरून हात फिरवीत त्यांनी विचारले, "आणि हिच्या सीटवर फुली कुणी मारली?"

"वर्ष झालं, बाई," उस्ताद म्हणाले. "तुम्ही आलाच नाहीत."

"खुब्याचं हाड मोडलं होतं. वर्षभर मीही भिंत धरूनच उभी होते."

वकीलसाहेब सावरले होते. त्यांनी मला खालीवर न्याहाळले. "वाईट वाटून घेऊ नका, पण हिला कुठल्याच संग्रहात कोणी ठेवणार नाही."

"मग बरंच झालं," बाई म्हणाल्या. "वरच्या गल्लीत एक पाय पट्टीसाठी खोळंबलाय. डॉक्टर म्हणालेत, चालण्यापेक्षा सायकल बरी."

उस्तादांनी माझी सीट परत बसविली, ब्रेक आवळले आणि फुली पुसण्यासाठी फडके उचलले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बसले की पुसली जाईल."

आणि त्या बसल्या. मला त्यांच्या खुब्याची भीती वाटली, माझ्या ब्रेकची वाटली, उताराची वाटली. वरच्या गल्लीत त्या उतरल्या, तेव्हा फुली त्यांच्या निळ्या कोटाच्या मागे उमटलेली होती आणि सीट स्वच्छ होती.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली माझी एखादी बहीण उभी असेल. तिच्यासाठी काचेचे कपाट नको, मखमली फडके नको. दुरुस्तीला सोडली असेल तर आजच आणा. टायरमध्ये हवा भरा आणि तिच्यावर बसा. तुम्ही बसलेल्या सीटवर फुली टिकत नाही.

मी अजूनही घाबरते. बुधवारी कोठे लोखंड कापल्याचा आवाज आला, की माझी चेन खुळखुळते. मग बाई जिन्याखाली येतात, अंगठ्याने सात टाके चाचपतात आणि म्हणतात, "हलू नकोस."

मी हलत नाही. त्या बसल्या, की मगच हलते.