सूत म्हणजे तीन

"मॅडम, हे प्लेट बी नाही बसून राह्यली!" बंटीनं पेरणी यंत्राची ती प्लेट माझ्या टेबलावर आपटली. "एक बोल्ट जाते, दुसरा अडते."

ड्रिलवरचा हा नवा माणूस चांगला तरणाताठा, नजर घारीची. चूक आता कोणाच्या माथी मारणार?

लोहारा गावातल्या या कारखान्यात ड्रॉइंग मी काढते. मालक माप सुतात सांगतात, "दोन भोकांत सोळा सूत ठेवा." कंप्युटरमध्ये मी एक समीकरण लिहून ठेवलं होतं, सूत टाकलं की मिलिमीटर आपोआप. ते आज उघडलं. सूत गुणिले तीन. अगं बाई! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीनपेक्षा थोडा जास्तच. आमच्या घरी सूत म्हणजे जानव्याचं, तेवढंच. कॉलेजात कोणीतरी 'सूत म्हणजे तीन' म्हणालं आणि मी डोळे मिटून लिहिलं. सोळा सुतांत जवळजवळ तीन मिलिमीटर मीच गिळले होते. बाजारातून येणाऱ्या बेअरिंगच्या दोन भोकांत अंतर बरोबर दोन इंचांचं. बोल्ट जाणार कसा?

तीन महिन्यांपूर्वी पहिल्या प्लेटा चुकल्या, तेव्हा ड्रिलवर पुंडलिकराव होते. बत्तीस वर्षांचा हात. "म्या कागदावरचंच माप घेतलं, मॅडम," ते म्हणाले होते. आणि मी, कालची पोरगी, सगळ्यांसमोर म्हणाले, "कंप्युटर चुकत नाही, काका. डोळे तपासून घ्या." पट्टी लावून एकदा मोजलंसुद्धा नाही. लाज वाटते सांगायला. मालकांनी त्यांना पॅकिंगला बसवलं. आठवड्याभरात त्यांनी चष्मा केला. त्या प्लेटांचं काम त्यानंतर आत्ताच पुन्हा निघालं होतं.

समीकरण दुरुस्त करून मालकांना सांगितलं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "पुंडलिकले कायले सांगता? बसला हाय ना निवांत."

क्षणभर वाटलं, बरं झालं, सुटले. त्या वाटण्याचीच जास्त शरम वाटली. तशीच उठून पॅकिंगच्या शेडमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. पुंडलिकराव खोक्याला सुतळी बांधत होते. गाठ पुरती मारून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"म्हंजे माहे डोये बरे हायेत?"

"हो काका. चूक माझी होती. तुमचं एक भोकही चुकलं नव्हतं."

"मले बी वाटाले लागलं होतं का आता धुरकट दिसते." त्यांनी उरलेली सुतळी तोडली. "मालकाचं जाऊ द्या. हे माह्या घरी येऊन सांगा. माही घरवाली इंदू नाही मानायची. तीन महिने झाले, रोज घ्यायले येते. रस्ता पार करतानी हात धरते माहा."

"आज त्यांना येऊ नका म्हणावं. मीच येते."

त्यांनी घरी फोन केला. सुटी झाल्यावर आम्ही दोघं गेटाबाहेर पडलो. समोर ट्रकांची रांग लागली होती. पुंडलिकराव रस्त्याच्या कडेला थांबले आणि डावं-उजवं न पाहताच त्यांनी हात माझ्यापुढं केला.

मी तो धरला.