बापाची भूमिका

सिनेमाच्या धंद्यात सगळे तिला ताई म्हणत. कुठल्या नटाला कुठलं काम मिळणार हे तिच्या फोनवर ठरायचं, आणि मोठमोठे निर्माते तिच्या बाहेरच्या खोलीत ताटकळत बसायचे.

या धंद्यात ती आली ती धाकट्या बहिणीची सोबत म्हणून. बहीण नटी होणार होती. पहिल्या सिनेमाचं निम्मं शूटिंग उरकलं आणि एका सकाळी हिरोने फर्मान काढलं, "ती मुलगी नको. ती असेल तर मी येत नाही." बहीण मेकअप करून तयार बसली होती. तिला कोणी काही सांगितलंच नाही. कपडेपटवाली आली आणि म्हणाली, "झगा उतरवा, दुसरीला घालायचाय." पाठीवरचे हूक ताईनेच काढले. त्यानंतर बहीण कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. ताई मात्र तिथेच राहिली, नटांची कामं बघू लागली आणि वर चढत गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, कामं आटल्यावर, तोच हिरो नाक मुठीत धरून तिच्याकडे आला. केस रंगवलेले, पोट आत ओढलेलं. त्याने तिला ओळखलं नाही.

"आता तुम्हीच सावरा," तो म्हणाला.

"मी आहे ना," ताई म्हणाली आणि कॉफी मागवली.

थोड्याच दिवसांत एका दिग्दर्शकाने त्याच्यासाठी बापाची भूमिका आणली. वाचताना ताईचे डोळे भरून आले, इतकी सुंदर.

"ते म्हाताऱ्याचं काम करणार नाहीत," तिने दिग्दर्शकाला सांगितलं आणि दुसरा नट सुचवला. त्या नटाचं सोनं झालं. हिरोला मात्र ती हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिली. "तुम्ही अजून तिशीचे दिसता हो." तो लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर नाचत राहिला. शेवटी एका प्रेमाच्या प्रसंगाला अख्खं थिएटर खो खो हसलं, आणि तो तिथेच पहिल्या रांगेत बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. "बापाच्या भूमिकेसाठी आधी मला विचारलं होतं म्हणे?"

"हो. मीच नाही म्हटलं."

"का?"

तिने सगळं सांगितलं. झगा, हूक, सगळं. तो हातापाया पडेल, निदान नाकबूल तरी जाईल, असं तिला वाटलं होतं.

"आठवते ती," तो म्हणाला. "जिन्यावरच्या सीनलाच कळलं, पडद्यावर ही मला खाऊन टाकणार. घाबरलो मी."

"मग आता भोगा," ताई म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली. तो दुसरीकडे जिथे जिथे जाईल तिथे तिने आधीच फोन करून ठेवले होते. त्याला कोणीच दारात उभं केलं नाही.

तो गेल्यावर तिने बहिणीला फोन लावला. बहीण एका दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचं काम करायची. ताईने कसं उट्टं काढलं ते रंगवून सांगितलं. कुठल्याशा सीनला तो घाबरला होता, हेही ओघात सांगून टाकलं.

"घाबरला होता म्हणाला?" बहीण म्हणाली. "मला?"

"हो."

दवाखान्यात कोणीतरी तिला नंबर विचारत होतं. "थांबा जरा," ती त्यांना म्हणाली. मग फोन कानाशी घट्ट धरून हळू आवाजात म्हणाली, "ताई, नीट सांग. कुठला सीन म्हणाला?"