पांढऱ्या गाडीतले मोजे

"नशीब काढलंस, उस्ताद!" निळ्या गाडीच्या दारात ओणवा होत गोचा म्हणाला. "हिला मागून ठोकलीय. पुढच्या एअरबॅगा जशाच्या तशा आहेत. म्हणजे या खेपेला माझे मोजे वाचले."

मक्वाला गाडीखाली उताणी पडून बॅटरीचे बोल्ट तपासत होती. तिथूनच तिने विचारलं, "कसले मोजे?"

गोचा गप्प झाला. बोलघेवडा गोचा गप्प झाला की पाणी कुठेतरी मुरतंय, हे नऊ वर्षांच्या भागीदारीत तिला पाठ झालं होतं. ती सरपटत बाहेर आली. कपाळावर ग्रीस, हातात पाना.

"गोचा, कसले मोजे?"

तिबिलिसीजवळच्या रुस्तावीच्या गाडीबाजारात मक्वालाला सगळे उस्ताद म्हणत. काही जण मानाने, काही जण चेष्टेने. अमेरिकेत विमावाल्यांनी मोडीत काढलेल्या विजेच्या गाड्या ती चार फोटो बघून लिलावात उचलायची. पोतीच्या बंदरात गाडी उतरायची तेव्हा कागदावर 'मोडीत' असा शिक्का आणि गाडीत जीव नाही. बाकीचे म्हणायचे, बॅटरी गेली, हिचे सुटे भाग विका. पण मक्वालाचं डोकं तिबिलिसीच्या ट्रॉलीबस डेपोत सहाशे व्होल्टच्या तारांखाली तयार झालेलं. धडकेत एक फ्यूज मुद्दाम उडतो आणि बॅटरी तोडून टाकतो, आत ती बहुतेक वेळा धडधाकट असते, हे तिला कळायचं. वीज तिच्याकडे, पत्रा आणि आतली सजावट गोचाकडे, अशी वाटणी होती.

"पांढरीत," गोचा शेवटी म्हणाला. "गेल्या शरदात विकली ती. तिच्या एअरबॅगा फुटलेल्या होत्या ना? नव्या मिळेनात. मग आबमान्का बसवली."

आबमान्का म्हणजे फसवी. बाजारातला रोजचा शब्द. एअरबॅगच्या जागी चिमुकला रेझिस्टर जोडायचा. गाडीला वाटतं बॅग आहे, समोरचा बिघाडाचा लाल दिवा विझतो. वरचं झाकण पोकळ वाटू नये म्हणून आत काहीतरी कोंबायचं.

"आणि तू मोजे कोंबलेस."

"आईने विणलेले. चांगले जाड होते गं!" गोचा कळवळून म्हणाला. "सगळा बाजार हेच करतो. तूच नाही का शेवटी दिवा बघून म्हणालीस, झकास, जाऊ दे?"

तेच तिला झोंबलं. डेपोत पंचवीस वर्षं एकच शिकवण होती. दिवा लागला तर बस थांबवा, विझला तर सोडा. तिने दिवा पाहिला, विझलेला होता, गाडी सोडली. झाकण उघडून पाहिलं नाही. मक्वालाला स्वतःची इतकी चीड आली की पाना तिने जमिनीवर आपटला.

पांढरी गाडी गुर्जानीच्या तारिएलने घेतली होती, सुनेसाठी. सून नेस्तान, शेजारच्या गावात शाळेत शिकवायची, रोज स्वतः चालवत जायची. मागच्याच आठवड्यात तारिएलने फोन करून आनंदाने सांगितलं होतं की तिला आठवा लागलाय आणि गाडी कशी लोण्यासारखी पळतेय.

"चाललीस कुठे?" गोचा ओरडला.

"गाडी आणायला."

"वेडी आहेस का? फोन कर, म्हणावं हळू चालव!"

तिने हत्यारांची पिशवी उचलली आणि पहिल्या मिनीबसमध्ये बसली.

तारिएलच्या अंगणात पोचली तेव्हा दुपार होती. गाडी द्राक्षांच्या मांडवाखाली उभी, धुतलेली, पुसलेली. तिने "गाडी न्यायला आलेय" म्हणायला तोंड उघडलं, पण त्या घरात उभ्याउभ्या बोलायची सोय नव्हती. तिला खुर्चीत दाबून बसवलं. चीज भरलेली खाचापुरी आली, राजम्याचा लोबिओ आला, पीचच्या फोडी आल्या, वाइनची सुरई आली. तारिएलची बायको झुझुना ताट रिकामं होऊ देईना.

"गाडीबद्दल बोलायचंय," मक्वाला म्हणाली.

"मग गाडीवरच पिऊ!" तारिएल प्याला घेऊन उठला. "अमेरिकेने जिला मेलेली म्हणून फेकून दिली, तिला या बाईने उठवली. माझी सून आणि माझा नातू तिच्या भरवशावर रोज रस्त्यावर असतात. या सोन्याच्या हातांना, गौमारजोस!"

सगळ्यांनी प्याले रिकामे केले. नेस्तानने पोटावर हात ठेवून डाळिंबाचा रस प्यायला आणि हसून तिच्याकडे पाहिलं. आता मक्वालाने उत्तर द्यायचं आणि प्यायचं, ही रीत.

तिने भरलेला प्याला तसाच टेबलावर ठेवला.

आपल्या नावाचा प्याला खाली ठेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. तारिएलच्या मानेची शीर टरारली.

"आमची वाइन कडू लागली का, उस्ताद?"

"वाइन चांगली आहे. गाडी खोटी आहे. तिच्यात एअरबॅगा नाहीत."

"काहीतरीच! दिवा लागत नाही. मी रोज बघतो."

"मीही दिवाच पाहिला होता. या, दाखवते."

तिने आधी बॅटरीची तार सोडवली, साठलेली वीज उतरायला दहा मिनिटं थांबली आणि मग स्टिअरिंगवरचं झाकण उचकटलं. आतून लोकरीचा बोळा बाहेर आला. लाल-काळी नक्षी, टाचेला रफू. तिने तो तारिएलच्या हातात दिला. त्याने बोळा उलगडला. एक मोजा. मग दुसरा.

झुझुना मटकन पायरीवर बसली. नेस्तान दोन्ही हात पोटाभोवती घट्ट धरून उभी राहिली. तिच्याकडे बघणं मक्वालाला कठीण गेलं, तरी तिने नजर वळवली नाही.

"कुणाचे हे?" तारिएलने खालच्या आवाजात विचारलं.

"माझे."

"बाईमाणसा, हे पुरुषाचे मोजे आहेत."

"गाडी माझ्या दुकानातून गेली. म्हणजे माझेच." ती रेझिस्टर उपटत होती. "नव्या आलेल्या निळ्या गाडीच्या बॅगा चांगल्या आहेत. त्या हिच्यात घालते. धडक लक्षात ठेवणारी पेटीही बदलते. चार दिवस द्या. यावेळी झाकण तुमच्यासमोर उघडं ठेवेन, मग लावेन."

"आणि नाही दिली गाडी तर?"

"तर इथेच बसते तिच्यासमोर. सुनबाई आत शिरायला लागली की चाकाखाली आडवी होते."

तारिएलने मोजे पुन्हा गुंडाळून तिच्या हातात दिले. मग किल्ली तिच्यापुढे टाकली. "चार दिवस हिला शाळेत मी ट्रॅक्टरवरून सोडतो. पण तू टेंपो मागव. या गाडीत बसून जाऊ नकोस. बॅग नाही म्हणालीस ना?"

"नाही म्हणूनच बसते. सात महिने ही पोर बसली. मला शंभर किलोमीटर तरी बसू द्या."

बॅटरीची तार जोडल्याबरोबर लाल दिवा लागला. सात महिन्यांत पहिल्यांदा गाडी खरं बोलली. मक्वाला निघाली. प्रत्येक वळणावर, समोरून आलेल्या प्रत्येक ट्रकला ती आक्रसून जायची, स्टिअरिंगमधलं ते रिकामं भोक छातीसमोर घेऊन. भीती वाटत होती, सरळ सरळ भीती. रोज सकाळी हाच रस्ता ती पोर गाणी ऐकत पार करत असणार, या विचाराने डोळे भरून यायचे, आणि ती ते बाहीने पुसून रस्ता बघायची.

रुस्तावीत गोचा दारातच उभा होता. तिने काच खाली केली आणि मोजे त्याच्या हातात कोंबले.

"घाल. निळीच्या बॅगा काढायला घे."

"मग निळी कशी विकायची?"

"तिला बॅगा मिळतील तेव्हा."

गोचाने गाडीत डोकावून पाहिलं. सवयीने त्याचा हात खिशातल्या रेझिस्टरकडे गेला. "तोवर तो दिवा तरी विझवू? गिऱ्हाईक बघतंय, बरं दिसत नाही."

मक्वालाने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. या दुकानात तेवढा एकच खरं बोलतोय."