सवतीचं मीठ

माझी पहिली सून सुचित्रा गेली, तेव्हा तिच्या तोंडात तुळशीपत्र मीच ठेवलं. हिरड्या जांभळं खाल्ल्यासारख्या काळ्यानिळ्या होत्या. उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत गेली, त्या धावपळीत मी ते विसरूनही गेले. सहा वर्षांनी माझ्या मुलाची दुसरी बायको अनुजा ओट्याशी कशावरून तरी खळखळून हसली आणि मला त्याच हिरड्या दिसल्या.

मी रमाबाई. डिलाईल रोडच्या चाळीत चाळीसहून जास्त वर्षं काढली, गिरण्यांचा संप निभावला, मी सहजासहजी घाबरणारी नव्हे. पण त्या दिवसापासून अनुजाकडे चोरून बघायला लागले. लग्नात गोरीपान होती पोर. आता तळहातावरच्या रेघा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या, कोपरं काळी, ड्रेस अंगावर लोंबायला लागलेले. बसल्या जागेवरून उठली की भिंत धरायची. "ऑफिसचं टेन्शन आहे, आई," म्हणायची. सुचित्राही अशीच काळवंडली होती. तेव्हा मी स्टोव्हच्या धगीला दोष दिला होता.

मग एका रविवारी दुपारी पाहते तर अनुजा बरणी उघडून लिंबाच्या लोणच्याचा खार चमच्याने पितेय. मला बघून ओशाळली, पण थांबली नाही. शेवटी चमचा उलटा करून त्याची पाठ चाटली. ही सुचित्राची सवय. अनुजाने तिला कधी पाहिलंही नव्हतं.

आमच्यात दुसरी बायको आली की पहिलीचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात ठेवतात. दुसरीने नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. अनुजा हे सगळं हसत करायची. "सुचित्राताई, कलर आवडला का?" असं विचारायचीसुद्धा. आता मला वाटायला लागलं, आवडला असणार. पोरगीच आवडली असणार.

मी टाकापुढे गाऱ्हाणं घातलं. "सुचित्रा, तुझा काय रवला आसात ता माझ्याकडे माग. ह्या पोरीक सोड." काही फरक पडला नाही. मग मी माझं शहाणपण चालवलं. मीठ मागते ती सुचित्रा, तेव्हा मीठ तोडलं की उपाशी निघून जाईल. अनुजाला सांगितलं, तुझ्या तब्येतीसाठी नवस बोललेय, अकरा दिवस अळणी खायचं. लोणची-पापड बाजूच्या खोलीत शेजारणीकडे नेऊन ठेवले.

"आई, नाही हो उतरत घशाखाली," ती म्हणायची.

"नवस अर्ध्यात टाकतंत काय गो?" मी डाफरायचे. माझ्यापुढे बोलायची तिची टाप नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते, उकाड्याने घामाघूम. अनुजा मागून आली, माझा हात धरला आणि डोळे मिटून मनगटावरचा घाम चाटला. तिची जीभ थंडगार होती.

"सुचित्रा?" माझ्या तोंडून गेलं.

"ओ," ती म्हणाली.

सुशांतला, माझ्या मुलाला, मी यातलं काही सांगितलं नाही. उपाय लागू पडतोय, म्हणूनच ती उघडी पडली, असं मी मनाशी म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी अनुजा मोरीत कोसळली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिचे तळहात पाहिले, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि मिठाबद्दल विचारलं. कोणीही काही सांगायच्या आधी. इंजेक्शन दिलं, सलाइन धो धो सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला खाटेशी बसवून त्या बोलल्या.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्या एका हार्मोनमुळे अंगात मीठ टिकतं, दुसऱ्यामुळे आजारपण सोसायचं बळ येतं. हिच्या दोन्ही ग्रंथी जवळजवळ संपल्यात. म्हणून रंग काळवंडला, म्हणून मिठाची भूक. शरीर जीव वाचवायला मीठ मागत होतं. आणखी एक दिवस अळणी गेला असता तर हात टेकले असते आम्ही."

मला रडू फुटलं. सुचित्राचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आता खात्रीने नाही सांगता येणार. पण हेच असू शकतं."

"दोघींना? सख्ख्या बहिणीही नाहीत त्या," सुशांत म्हणाला.

"तेच विचारायचंय. अनुजाच्या सीटी स्कॅनवरून टीबीने ग्रंथी खाल्ल्यासारख्या वाटतात. घरात कोणाला टीबी होता? नीट आठवून सांगा. हिची पुढची औषधं त्यावर ठरतील."

"छे. आमच्याकडे कोणालाच नाही."

अनुजाचा हात माझ्या हातात होता, आता जरा ऊब आलेला. गप्प बसणं सोपं होतं. इतकी वर्षं बसलेच होते.

"माका होतो," मी म्हटलं.

सुशांत वळला. "कधी?"

"तुझ्या पयल्या लग्नाच्या वर्षी. सोयरीक मोडात म्हणान कोणाक बोललंय नाय. दोन महिने गोळ्यो घेतलंय, बरा वाटला, सोडलंय. मगे खोकलो इलो तो दमो म्हणान सांगत रवलंय."

बाईंनी लिहून घेतलं आणि टेबलावरचा मास्क माझ्यापुढे केला. सुशांतने अनुजाची बोटं एकेक करून माझ्या हातातून सोडवली.