तांड्याची उत्तरं गाळा

धर्मसिंग सरांनी तक्त्यातल्या शेवटच्या गटावर पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली आणि कागद शितलकडं सरकवला.

"तांडा काढून टाक. बाकी सगळं झकास आहे."

शितलची कानशिलं तापली. दीड वर्ष ती या प्रश्नावलीच्या मागं होती. माणूस स्वतःला मनातल्या मनात किती टोचून बोलतो, हे मोजणारी ही परदेशी प्रश्नावली. तिनं ती मराठीत आणली, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करवून ताडून पाहिली. मग ती प्रमाणित करायला, म्हणजे आपल्या माणसांवर चालते का हे तपासायला हिंगोली शहर, हट्टा, आखाडा बाळापूर आणि शेवटी खुद्द सरांचा तांडा पालथा घातला. तांड्यावर जा, असं सरांनीच सुचवलं होतं. माझी आईसुद्धा उत्तरं देईल, म्हणाले होते. पीएच.डी. याच कामावर मिळायची होती, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध पुढं सरकत नव्हता.

"का काढायचा, सर?"

"आकडे बघ की."

आकडे तिला पाठ होते. विभागात आकडेमोड करणारी तिची मैत्रीण अफशीन कालच म्हणाली होती, "तुझी प्रश्नावली बराबर आहे ग. तुझी माणसंच बराबर न्हाईत." हिशेब साधा होता. जो स्वतःला दोष देतो, तो स्वतःला धीर देत नाही. एक वर गेलं की दुसरं खाली यायला हवं. शहरात तसं झालं, हट्ट्यात झालं, बाळापुरात झालं. तांड्यावरच्या बायांचं मात्र दोन्ही वर.

तिथं वाचता येणाऱ्या बाया थोड्या, म्हणून शितलनं विधान वाचायचं आणि त्यांनी बोटं दाखवायची, असं ठरलं. 'कधीच नाही'ला एक बोट, 'नेहमी'ला अख्खा पंजा. एकेकीला बाजूला घेऊन विचारायचं, हा नियम. पण एकीला बाजूला नेलं की बाकीच्या उठून मागं यायच्या. "एकटीला काहून नेते ग? चोरी शिकवायची हाय का?" अखेर सगळ्या हळद शिजवायच्या कढईखालचा जाळ तसाच सोडून तिच्यापुढं येऊन बसल्या.

सरांची आई जिवनबाई सगळ्यात पुढं. काही चुकलं तर मी स्वतःलाच दोष देते? पंजा. काही चुकलं तरी मी स्वतःला समजावते? पुन्हा पंजा.

"म्हातारे, दोन्हीला पंजा?" शेजारची भिकाबाई म्हणाली. "मत एकालाच द्यावं लागतंय."

"मला हात दोन हायेत," जिवनबाई म्हणाली.

शितलला त्याचं नवल वाटलं नव्हतं. तीही अशाच एका तांड्यावरची. बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटलं की तिच्या आईला तिनं गळ्यात पडून सुरात रडताना पाहिलं होतं. मीच करंटी, मलाच यायला जमलं न्हाई, असं स्वतःला बोल लावत रडायचं, मग पदरानं डोळे पुसायचे आणि चहा टाकायचा. तो बोल म्हणजेच धीर. दोन्ही एकाच दमात. परदेशात बसून प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक नसणार. पण सरांना?

"सर, यात चूक कुठंय? हा निष्कर्षच आहे. ही प्रश्नावली तांड्यावर चालत नाही, असं लिहू."

"लिही. मग परीक्षक विचारील, बाई, तुम्ही प्रमाणित काय केलं? आणि घालव आणखी दोन वर्षं." सरांनी आवाज खाली आणला. "आणि दुसरं ऐक. दोष देण्याचे गुण सगळ्यात जास्त कुणाचे आलेत? तांड्याचे. उद्या कुणीतरी छापील, तांड्यावरच्या बाया मनानं आजारी. शिकून-सवरून आपण घरी हेच न्यायचं का?"

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त झोंबलं.

"म्हणजे त्यांना कुणी वेड्या म्हणू नये म्हणून त्यांना मोजायचंच नाही?"

"त्यांच्या भल्यासाठी."

"त्यांना विचारलं का तुम्ही, भलं कशात आहे ते?"

"शितल, मी त्याच तांड्यावर वाढलोय. मला नको शिकवू."

"मग कारण सांगा. गट गाळला तर कारण लिहावं लागतं."

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "लिही. उत्तरदात्यांना विधानांचा अर्थ समजला नाही."

शितलनं कागद उलट त्यांच्याकडं ढकलला. पेनही ठेवलं. "तुम्ही लिहा."

"काय?"

"मी विधान वाचलं, त्यांनी ऐकलं, एकमेकींशी भांडल्या, हसल्या आणि मग बोटं वर केली. न समजलेली बाई भांडत नाही. हे वाक्य माझ्या हातून उतरणार नाही. तुम्ही लिहा, मी रविवारी तांड्यावर जाऊन वाचून दाखवते. काय निघालं ते येऊन सांगीन, असा शब्द देऊन आलेय मी."

"याडीला वाचून दाखवणार?" आईला ते घरी जे म्हणत, तो शब्द या खोलीत पहिल्यांदाच आला.

"सगळ्यांनाच. त्या कुठं एकट्या बसतात."

सरांनी पेन उचललं. टोक कागदाला टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती. शेवटी त्यांनी पेन ठेवलं, खोडरबर घेतलं आणि तांड्यावरची रेघ पुसली.

"राहू दे. चालत नाही असंच लिही. परीक्षकाचं मी बघतो."

हवं ते मिळालं होतं. शितल उठली, दारापर्यंत गेली. पण राग काही उतरेना, उलट चढत चालला. ती मागं वळली.

"सर, याडी त्या बायांत नसत्या तर?"

"झालं ना तुझ्या मनासारखं? जा आता."

"नसत्या तर?"

"जास्त ताणलं की तुटतं, पोरी."

"म्हणजे गाळलं असतं. भिकाबाईला समजलं नाही, असं बिनदिक्कत लिहिलं असतं."

ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि तक्त्याखाली ठळक अक्षरात लिहिलं: 'या गटाची उत्तरं वगळावीत, असं मार्गदर्शकांनी सुचवलं होतं. ती वगळलेली नाहीत.' मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कागद त्यांच्याकडं फिरवला.

"हे कशाला?"

"घडलं म्हणून."

"याच्यावर मी सही करणार नाही."

"नका करू."

"वर्षं जातील तुझी."

"जाऊ द्या."

कागद फायलीत घालून ती बाहेर पडली. व्हरांड्यात अफशीन थांबली होती. आतलं बरंचसं तिनं ऐकलं असावं.

"काय झालं?"

"तांडा राहिला."

"आणि सही?"

"न्हाई."

"अक्कल हाय का तुला? काढून टाक ते एक वाक्य. ते काढल्यानं कुणाला तकलीफ होऊन राहिली?"

"मला," शितल म्हणाली आणि फाईल तिच्या हातात दिली. "छाप. जसंच्या तसं. आणि पहिली प्रत सरांच्याच टेबलावर ठेव."