नवं खातं आणि माझा पायगुण

सकाळी मशीनची वाचा गेली, तेव्हा आत्याने मशीनकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

चिकपेटच्या कापडबाजारातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. मशीन जुनं. त्याला पेनड्राइव्ह चालत नाही, डिझाइन पाठवायचं ते शेजारच्या कॉम्प्युटरवरून केबलने. कॉम्प्युटरवर लिनक्स, कारण ते फुकट मिळतं आणि माझा मोठा भाऊ मंजुनाथ, म्हणजे अण्णा, ते फोनवर व्हिडिओ बघून शिकलाय. आदल्या संध्याकाळी त्याने त्यावर माझं खातं उघडलं होतं. पडद्यावर ‘मंजुनाथ’च्या खाली ‘कावेरी’ आलं आणि मी, तिशी ओलांडलेली बाई, त्या नावाकडे खुळ्यासारखी बघत बसले होते.

त्याला कारण होतं. पुण्याच्या सासरहून मी बॅग उचलून निघून आले होते, आणि रविवारी सासरची माणसं मला परत न्यायला येणार होती. आईच्या माघारी आम्हाला वाढवलं ते वडिलांच्या बहिणीने, या अंबूआत्याने. तिचं म्हणणं, मी जावं. अण्णा एवढंच म्हणाला होता, “बघू, दुकानात हिचा हात बसतोय का.” म्हणजे माझं राहणं या दुकानावर ठरणार होतं, आणि नेमकं आजच मशीन मुकं झालं. दुपारी कोरमंगलाच्या बुटीकवाल्या श्वेता मॅडमची गाडी लग्नाचे ब्लाउज न्यायला येणार होती. नवरीच्याच ब्लाउजच्या बाह्या भरायच्या राहिल्या होत्या.

मी माझ्या खात्यातून डिझाइन पाठवलं. ‘परवानगी नाही.’ नवं खातं आहे, काहीतरी द्यायचं राहिलं असेल, असं वाटलं. मग अण्णाने त्याच्या खात्यातून पाठवलं. त्यालाही तेच, ‘परवानगी नाही.’ त्याने केबल काढली, पुसली, पुन्हा लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनला हात जोडूनही झाले.

“काल हिचं नाव घातलंस,” आत्या म्हणाली, “आज मशीनने बोलणं टाकलं.”

“आत्या, स्वल्प गप्प बस.”

“मी बसेन रे. पायगुण बसतो का गप्प?”

हा शब्द मी पुण्यात पोटभर ऐकला होता. नवऱ्याची नोकरी गेली, माझा पायगुण. सासऱ्यांचा गुडघा धरला, माझा पायगुण. तिथे ऐकून मी दात ओठ खायचे. इथे तो जास्त लागला, कारण अण्णा पुन्हा केबल पुसायला लागला.

“ऊठ, मला बघू दे,” मी म्हटलं. पुण्यात एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी लिनक्सच सांभाळत होते. हे मी घरात सांगितलं होतं, कुणी ऐकलं नव्हतं.

तो उठला नाही. तेवढ्यात श्वेता मॅडमचा फोन आला. “हो मॅडम, होतच आलंय,” अण्णा म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. फोन ठेवून त्याने सेटिंग्ज उघडल्या आणि माझ्या नावावर क्लिक केलं.

“काय करतोस?”

“कालपर्यंत चालत होतं. काल जे घातलं ते काढून बघतो.”

“मला काढतोस?”

“खातं काढतोय गं, तुला नाही.”

मला तेव्हा दोन्ही सारखंच वाटलं. आज पडद्यावरून, रविवारी घरातून. त्याने बटण दाबलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणारी चौकट आली. त्याने आपला टाकला. चूक. सावकाश टाकला. चूक.

“अय्यो! कॉम्प्युटर माझा, आणि मलाच विचारतोय तू कोण?”

एवढ्या टेन्शनमध्येही मला हसू आलं. मला हाकलून द्यायचा हक्क त्याच्याकडेच उरला नव्हता. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. बिघाड माझ्या खात्यात नाही, त्याच्या खात्यात आहे.

“अण्णा, काल तू स्वतःच्या खात्याला काही केलंस का?”

“काही नाही.”

“आठव.”

“काही नाही म्हणतो ना!”

“त्याला कशाला विचारतेस?” आत्या.

मी त्याच्या खांद्यावरून वाकले आणि एक शब्द टाइप केला. लिनक्समध्ये माणूस कुठल्या ग्रुपात आहे त्यावर त्याला काय करता येईल ते ठरतं. केबलवरून मशीनशी बोलणाऱ्यांचा ग्रुप वेगळा, अ‍ॅडमिनचा वेगळा. अण्णाच्या नावापुढे असे बरेच ग्रुप यायला हवे होते. आला फक्त त्याच्या स्वतःच्या नावाचा, आणि एक ‘डिझाइन’.

“हा ‘डिझाइन’ कुणी केला?”

अण्णा दाराकडे बघू लागला. “मीच. दोघांना फाइली उघडता याव्यात म्हणून. तुला घातलं, मग मला घातलं. व्हिडिओत होतं तसं.”

“ग्रुपात घालायच्या ओळीत डॅश जी लिहिलंस?”

“हो.”

“जीच्या आधी ए?”

“कसला ए?”

सगळं त्या ए मध्ये होतं. ए असला तर कॉम्प्युटर समजतो, मंजुनाथला ‘डिझाइन’मध्येही घाल. नसला तर समजतो, मंजुनाथला ‘डिझाइन’मध्येच ठेव, बाकी सगळीकडून काढ. ‘ही’ आणि ‘च’. एवढ्याशा फरकावर आपल्याकडे घरं फुटतात. काल तो आधीपासून आत होता म्हणून काही कळलं नाही. सकाळी नव्याने आत शिरला आणि परका झाला.

“म्हणजे मीच?” तो हळूच म्हणाला.

सगळ्या चिकपेटला ऐकू जाईल असं ओरडावंसं वाटत होतं. पण गाडी येणार होती. “भांडू नंतर. ऊठ.”

या वेळी उठला.

कॉम्प्युटर सुरू होताना एस्केप दाबलं की दुरुस्तीचा मेनू येतो. पहिल्यांदा माझी वेळ चुकली, नेहमीची दोन नावं आली. दुसऱ्यांदा साधलं. काळ्या पडद्यावर, जिथे पासवर्ड विचारत नाहीत आणि कुणी अडवतही नाही, तिथे मी पोचले. इथे एक ओळ चुकली तर अण्णाची सगळी डिझाइनं जातील, हे मला ठाऊक होतं. अण्णाला जुन्या ग्रुपांत परत घालायची ओळ मी लिहिली, ए सकट, आणि एंटर दाबलं. कॉम्प्युटरने नकार दिला.

“आता काय?” अण्णाचा आवाज चिरकला.

“तिला ऊठ म्हण,” आत्या म्हणाली. “आहे तेही घालवेल.”

क्षणभर मलाही वाटलं, घालवेन. मग आठवलं. दुरुस्तीत डिस्क फक्त वाचायला उघडी असते, लिहायला आधी मोकळी करावी लागते. मोकळी केली. ओळ पुन्हा लिहिली. कॉम्प्युटर काहीच बोलला नाही. लिनक्स खूश असला की गप्प असतो.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला, अण्णाने डिझाइन पाठवलं. मशीन खडखडलं, सुई खाली उतरली आणि बाहीवर सोनेरी पान उमटायला लागलं.

“देवाने लाज राखली,” आत्या म्हणाली.

“देवाने नाही. आणि घालवली होती तीही मी नाही. अण्णा, सांग तिला.”

तो बाहीकडे बघत राहिला. नाही सांगणार, असंच मला वाटलं.

“चूक माझी होती, आत्या,” तो म्हणाला. “हिच्या खात्याचा काही संबंध नाही. मी माझंच नाव खोडून बसलो होतो.”

आत्या माझ्याकडे वळली. “असेल. पण भावाच्या घरी जन्म काढणं काय असतं ते मला विचार, पोरी. मी काढलाय. म्हणून जा म्हणते.”

माझा राग विरला आणि भीती वाढली, कारण ती खरं बोलत होती.

अण्णा कॉम्प्युटरपुढे बसला. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत त्याने एक ओळ लिहिली. “बरोबर आहे का बघ.”

मी वाचलं. शेवटी माझं नाव होतं. “अण्णा, हा अ‍ॅडमिनचा ग्रुप आहे. यात घातलंस तर उद्या मी तुलाही काढू शकेन.”

“सरी, चालेल, काढ. पण मी पुन्हा असा बाहेर अडकलो तर आत कुणीतरी पाहिजे.” त्याने एंटर दाबलं.

“आणि रविवारी त्या माणसांना काय सांगू?” आत्याने विचारलं.

“कॉफी दे. कावेरी दुकानात आहे म्हण.”

“रविवारी दुकान बंद असतं.”

“या रविवारी उघडं राहील,” अण्णा म्हणाला, आणि मी मशीनकडे तोंड करून रडले.