एक तास फुल लोड

सुनेनं बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर बघून सासऱ्यांनी नाक मुरडलं नाही, हेच नवल. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. दुसऱ्याचं काम पसंत पडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. नाट्यगृहाला सबवूफरसाठी दोन हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता, पण मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या सासऱ्यांनी हमी दिली तरच घेऊ." म्हणजे सहा महिन्यांची मेहनत म्हाताऱ्याच्या एका शब्दावर टांगलेली!

"एक तास फुल लोडवर चालव," ते म्हणाले. "टिकला तर बोलू."

खरे सबवूफर तासभर घुमवले असते तर शेजाऱ्यांनी दारात मोर्चाच आणला असता. म्हणून सुनेनं पाण्याच्या पिंपात पाणी तापवायच्या सहा कॉइल सोडल्या आणि स्पीकरऐवजी त्याच जोडल्या. सगळी ताकद पाण्यात, आवाजाचं नाव नाही.

सासूबाई डोकावल्या. "एवढं शिकूनसवरून शेवटी पाणीच तापवलंस होय गं?"

"आई, हात नका हं लावू!"

पाण्यातून वाफ निघू लागली. सासरे स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होते, सून त्यांच्या तोंडाकडे. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा विझला.

तिनं बटण दोनदा दाबून पाहिलं. "गेला, बाबा," एवढंच कसंबसं म्हणाली. सासऱ्यांनी नुसतं घड्याळ पाहिलं. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं तिला झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी आली, "अहो, माझा मिक्सर का बंद पडला?"

सासरे ताडकन उठले. भिंतीवरचा फ्यूज उपसला, तर आतली तार वितळलेली. मागच्या वायरला बोट लावलं आणि चटका बसून हात झटकला. घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलेलं. तीस वर्षांत त्याला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्यांनी मीटरपासून जाड केबल ओढली. दिवा लागला. राहिलेली बारा मिनिटं अ‍ॅम्प्लिफायर निमूटपणे चालला.

"पोरी," सासरे म्हणाले, "तुझं काम पक्कं निघालं. दम माझ्या वायरिंगनं सोडला."

लगेच त्यांनी मॅनेजरला फोन लावला. "हमी? माझी कशाला घेता? माझ्यापेक्षा पक्कं काम करणारी समोर उभी आहे, तिचीच घ्या."

सुनेनं फोन घेतला. पहिलं हॅलो तोंडातच राहिलं, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.